काकणाचे झाड
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला भातावरील किडींच्या नियंत्रणाविषयी बोलायला सांगितले आहे. ते मी बोलणार आहेच. पण त्याआधी एका झाडाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढचे नीट सांगता येणार नाही.

आमचे घर खाडीच्या तोंडाशी आहे. आगराच्या कडेला एक जुना रायवळ आंबा होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. फळ आंबट, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसे बघत नसे. त्याच्या शेंड्याला काटक्यांचे एक भले मोठे घरटे होते आणि त्यात दरवर्षी दिवाळीनंतर काकणाची जोडी यायची. मी अकरावीत असताना वडिलांनी ते झाड लाकडाच्या ठेकेदाराला विकले. त्या लाकडाच्या आंब्याच्या पेट्या झाल्या. झाड पाडले तेव्हा पौष चालू होता, म्हणजे घरट्यात पिल्ले असण्याचे दिवस. ती होती की नव्हती हे आम्ही पाहिले नाही. फांद्या तोडणाऱ्या गड्यांनी सगळे एका ढिगात टाकले होते. काकणांची जोडी मात्र तीन दिवस त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत होती, आणि त्यांचा तो बदकासारखा, घशातून येणारा आवाज घरात जेवतानाही ऐकू यायचा.

आमच्याकडे नारळ पाडायला एक म्हातारे गृहस्थ येत. आम्ही मुले त्यांना काका म्हणायचो. चौथ्या दिवशी ते आले, बुंध्याच्या खुंटाशी उभे राहिले आणि वडिलांना एवढेच म्हणाले, "मालक, पेट्या दुसऱ्या लाकडाच्या झाल्या असत्या." वडील काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पुढे कृषी पदवी घेतली, पदव्युत्तर शिक्षण झाले, आता मुलांना शिकवतो. पण ते वाक्य सुटलेले नाही.

या काकांविषयी थोडे सांगतो. त्यांचे नाव इथे घेत नाही, त्यांना ते रुचले नसते. त्यांना मजुरी माडामागे मिळायची, म्हणजे जितके माड चढले तितके पैसे. तरी ज्या माडावर घारीचे किंवा आणखी कोणाचे घरटे असेल त्या माडावर ते चढत नसत. बुंध्याला झावळीची एक पाती गाठ मारून बांधून ठेवीत, म्हणजे दुसरा चढणारा आला तरी त्याला कळावे. मालकाने विचारले तर म्हणत, "हा पुढच्या पाडणीला." त्या माडाची मजुरी ते मागत नसत. हे त्यांनी किती वर्षे केले ते मला माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून तरी करत होते, आणि चढणे थांबले तोपर्यंत करत होते.

आता काकण म्हणजे कोण, हे वरच्या पट्ट्यातून, खेड-संगमेश्वरकडून आलेल्या बांधवांसाठी सांगायला हवे. पुस्तकात याला पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड म्हणतात. डोके, मान आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखाडी, पंख उघडले की खालून काळ्या-पांढऱ्याची स्पष्ट विभागणी दिसते. किनाऱ्यालगत, खाड्यांवर राहतो. मासे खातो आणि समुद्रातले साप खातो. रापणीच्या जाळ्यात आलेल्या समुद्रसापाला घाबरणारे आपण. हा त्याला पंजात धरून झाडावर नेतो. घरटे उंच, जुन्या झाडावर करतो. आंबा, सुरू, वड असे काहीही चालते, पण झाड उंच हवे आणि समोर पाणी दिसायला हवे. एकदा बांधलेले घरटे वर्षानुवर्षे वापरतो, दरवर्षी वर काटक्या रचतो. अंडी बहुधा दोन.

हा पक्षी आपल्या जिल्ह्याचा जुना रहिवासी आहे. विडाल नावाचा इंग्रज अधिकारी रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीला होता. त्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली छापली. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता. तो १९८१ साली झाला. म्हणजे आपल्याकडच्या पक्ष्यांची लेखी नोंद जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. हे फार थोड्या जिल्ह्यांच्या नशिबी आहे, आणि आपल्याला मात्र त्याची वार्ता नसते.

विडालनंतर मोठा काळ गेला. मग चिपळूणच्या एका माणसाने ही घरटी पुन्हा मोजायला घेतली. विश्वास काटदरे, सगळे त्यांना भाऊ काटदरे म्हणतात. ते काही कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हेत. १९९२ साली त्यांनी चिपळुणात 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था सुरू केली. राम मोने यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा किनारा पालथा घालून काकणाची घरटी कुठे कुठे आहेत, कोणत्या झाडावर आहेत, झाड कोणाच्या मालकीचे आहे, हे त्यांनी नोंदवले. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. कोकणचा किनारा सरळ नाही. एक खाडी ओलांडायची तर तर नाहीतर दहा कोसांचा वळसा. आणि झाड सापडले तरी ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी आगरात, म्हणजे मालकाशी बोलणे आले, चहा आला, त्याचे भाऊबंदकीचे गाऱ्हाणे ऐकणे आले.

माझ्या मते या कामातला कस नेमका इथे आहे. काकणाचे झाड वनखात्याच्या जंगलात नसते, ते तुमच्या-माझ्या सातबाऱ्यात असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटी आणि अंडी नष्ट करणे गुन्हा आहे, हे खरे. पण आगरात कुऱ्हाड चालते तेव्हा तिथे कायदा उभा नसतो. तिथे मालक असतो आणि ठेकेदार असतो, आणि कधीमधी माझ्या काकांसारखा एखादा गडी असतो. त्यामुळे मालकाला त्या घरट्याचे अप्रूप वाटले तरच ते टिकते.

याच पाहणीतून एक अनपेक्षित गोष्ट घडली, ती तुम्ही ऐकली असेल. २००२ साली काकणाच्या शोधात ही मंडळी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेली. वेळास म्हणजे नाना फडणविसांचे गाव, बाणकोटजवळ. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे तिथे अंडी घालत होती आणि ती अंडी उकरून नेली जात होती. पक्षी पाहायला गेलेल्यांनी कासवांचे काम हाती घेतले. गावातल्याच माणसांना पहाटे किनाऱ्यावर गस्त घालायला नेमले. ज्यांना अंडी कुठे असतात हे नेमके ठाऊक होते, त्यांनाच ती राखायला सांगितली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले आणि घरच्या बायकांच्या हाताला चार पैसे मिळू लागले. पुढे वनखाते आणि कांदळवन कक्षही या कामात उतरले. आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत हे चालते. कासवे हा आजचा विषय नाही, म्हणून इथेच थांबतो. पण सांगण्याचे कारण असे की, गावकऱ्याला राखणदार केले तर काय होते याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यासाठी परदेशी जायला नको.

भाऊ काटदरे यांचे दुसरे काम वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवरचे. तिथल्या एका बेटावर गुहा आहे आणि तिच्यात पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटे बांधते. लाळ वाळून कडक होते आणि कातळाला चिकटते. चीन आणि आग्नेय आशियात या घरट्यांचे सूप करून पितात, त्याला मोठी किंमत येते. हुमायून अब्दुलअली या पक्षितज्ज्ञांनी १९४० च्या सुमारास इथल्या पाकोळ्यांचा अभ्यास करून १९४२ साली लिहून ठेवले होते. साठ वर्षांनी सह्याद्री निसर्ग मित्रची माणसे तिथे गेली तेव्हा घरट्यांची चोरी चालू होती. घरटे गेले की त्यातली दोन अंडीही गेली. पाकोळी पुन्हा लाळ काढून घरटे बांधते, ते पुन्हा जाते. वनखात्याच्या मदतीने चोरी रोखायला लागली तसे पाकोळ्यांना पिल्ले वाढवता येऊ लागली. ही पाकोळी दिवसभर हवेतले किडेच टिपत असते. अंधाऱ्या गुहेत ती वटवाघळासारखी आवाजाच्या पडसादावर वाट काढते. किनाऱ्यावर उभे राहून आपण तिला नुसते 'काळे पाखरू' म्हणतो.

आता गिधाडांकडे येतो, आणि इथे जरा वेळ थांबणार आहे, कारण हा प्रश्न तुमच्या गोठ्यातला आहे.

इथे जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांना आठवत असेल, गावाबाहेर ढोर टाकायची जागा असायची. बैल मेला की तासाभरात आभाळात ठिपके दिसायचे आणि दुपारपर्यंत हाडे उरायची. हे दृश्य १९९० नंतर हळूहळू बंद झाले. देशात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शंभरातली नव्याण्णवपेक्षा जास्त घटली. आधी लोकांना वाटले रोग आला, कोणी म्हणाले झाडे तुटली, कोणी म्हणाले आता मेलेली जनावरे पुरतात. २००४ साली शास्त्रज्ञांनी खरे कारण शोधून काढले. डायक्लोफिनॅक. जनावराला ताप आला, सूज आली, पाय लचकला की टोचायचे ते दुखणे कमी करणारे औषध. हे टोचलेले जनावर दोन-चार दिवसांत दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरते. त्याच्या आतड्यांवर, काळजावर पांढरी पूड साचलेली दिसते, ते युरिक आम्ल. शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्याच्या अंगात हे औषध असले तरी एवढी पडझड व्हायला पुरते असे गणित निघाले. कारण एका ढोरावर एका वेळी कित्येक गिधाडे बसतात, आणि गिधाड वर्षाला एकच अंडे घालते.

जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर २००६ साली बंदी आली. पण माणसांसाठीचे इंजेक्शन मोठ्या बाटलीत मिळायचे, ते गोठ्यात वापरले जाऊ लागले. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची बाटली ३ मिलिलिटरची, एका मात्रेची केली गेली. पुढे तसाच परिणाम करणारी आणखी दोन औषधे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक, २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे आणि ते सहज मिळते. तुम्हाला औषधांची नावे पाठ करायची गरज नाही. डॉक्टर गोठ्यात आला की एवढेच विचारा: "हे मेलॉक्सिकॅम आहे ना?" आणि घरात माणसासाठी आणलेले दुखण्याचे इंजेक्शन गाईला टोचू नका, कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितले तरी.

कोकणात गिधाडे पूर्ण संपली नाहीत, ही आपली पुण्याई म्हणा. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात त्यांची वसाहत टिकली. तिथे महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची संस्था यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम केले, औषध न टोचलेली मेलेली जनावरे गिधाडांसाठी पोचवली. आपल्याकडेही किनारपट्टीला उंच आंब्यावर, काही ठिकाणी तर माडावरसुद्धा गिधाडाने घरटे केले आहे. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्या दिवशी श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या हे मी तुम्हाला सांगायला नको. इथल्या अर्ध्या लोकांचे पंचनामे त्याच वर्षीचे आहेत. पण बागेबरोबर जुनी उंच झाडेही गेली, त्यांचा पंचनामा कोणी केला नाही. माड सहा-सात वर्षांत धरतो. काकण किंवा गिधाड बसेल असा आंबा व्हायला एक पिढी जाते.

आता भाताकडे. आपण शिफारस करतो की भातखाचरात हेक्टरी २० ते २५ पक्षीथांबे लावा. बांबूची किंवा फांदीची काठी, वर आडवी काटकी, पिकापेक्षा हात-दीड हात उंच. खर्च म्हणाल तर विळ्याला धार लावण्याचा. त्यावर कोतवाल बसतो, वेडा राघू बसतो, दयाळ बसतो. खोडकिडीचे पतंग, लष्करी अळी, नाकतोडे हे त्यांचे अन्न. खाचरात उतरणारा बगळाही अळ्या टिपतो. संध्याकाळनंतर त्याच थांब्यावर पिंगळा किंवा गव्हाणी घुबड येते आणि उंदीर उचलते. घुबडाला अशुभ मानून हाकलणारा शेतकरी उंदराला आपल्या कणगीचे आमंत्रण देतो. आणि उंदरासाठी विषारी आमिष ठेवाल तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरा, नाहीतर विष घुबडापर्यंत जाते.

मात्र एक पथ्य आहे आणि ते बहुतेक पत्रकांत शेवटच्या ओळीत लहान अक्षरांत असते, म्हणून मी मोठ्याने सांगतो. लोंबी भरायला लागली की थांबे काढून टाका. नाहीतर त्याच काठीवर दाणे खाणारी पाखरे येऊन बसतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

पाखरे नुकसान करीत नाहीत असे मी म्हणणार नाही. सुगरण भात खाते, पोपट खातो, मोराचे तर विचारूच नका. नुकसान सोसणाऱ्याला 'निसर्गाचा समतोल' ऐकवणाऱ्या माणसाचा मला स्वतःला राग येतो. पण हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंनी करावा. तमिळनाडूत वेदांतंगळ नावाचे गाव आहे. तिथल्या तळ्यावर हजारो पाणपक्षी वस्तीला येतात. तिथल्या शेतकऱ्यांनी १७९८ साली कलेक्टरकडून लेखी हुकूम मिळवला की, इथे पक्ष्यांची शिकार करायची नाही. कारण साधे होते. पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, ते पाणी पाटाने शेतात जाते, पीक जोमदार येते. तो हुकूम भक्तीपोटी नव्हे, खतापोटी मागितलेला होता, आणि म्हणूनच टिकला असे मला वाटते.

बागायतदारांच्या एका शंकेचे उत्तर इथेच देतो, कारण मघाशी एकाने चहाच्या वेळी विचारले. वठलेल्या माडात पोपट, घुबड, तांबट राहतात, मग तो माड ठेवायचा की काढायचा? माझ्या काकांनी ठेवला असता. मी काढा म्हणेन. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंग्याची अळी वाढते आणि तिचा भुंगा झाला की तो शेजारच्या चांगल्या माडांच्या जिवावर उठतो. फक्त काढण्यापूर्वी ढोली तपासा. पिल्ले असली तर ती उडेपर्यंत थांबा. शक्य असेल तर काढलेल्या खोडाचा ढोलीचा तुकडा, पोखरलेला कुजका भाग खरवडून, शेजारच्या आंब्याला बांधून ठेवा. ते मी घरी करून पाहिले आहे. पहिल्या वर्षी त्यात खारीने संसार केला. दुसऱ्या वर्षी पिंगळा आला.

काकांचे माडावर चढणे गुडघ्यांनी बंद केले. त्यानंतर एकदा त्यांना भेटायला गेलो होतो. अंगणात बसून झावळ्या विणत होते. मी पक्षीथांब्यांविषयी, विद्यापीठाच्या शिफारशींविषयी उत्साहाने बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या आंब्याच्या जागी काय लावलंस?" मी म्हणालो, हापूस, तीन कलमे. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "कलम कुठं उंच होतंय."

निसर्ग वादळानंतर आगर पुन्हा उभे करताना वडिलांनी खाडीच्या कडेला दोन रायवळ कोयी पुरल्या. मला न विचारता पुरल्या, आणि जागा अशी की उद्या त्यांची सावली माडांवर पडेल. बागायतीचा शिक्षक म्हणून मी हरकत घ्यायला हवी होती. यंदा ती रोपे माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

भातावरच्या किडींचे तक्ते इथे टेबलावर ठेवले आहेत, जाताना घेऊन जा. आता प्रश्न विचारा. मोरांचा प्रश्न मात्र शेवटी घेऊ, त्याला वेळ लागेल.